विषय: राक्षसास कमरेत धरणेबाबत

लातुरात औसा रोडला वैजनाथचं कूलर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी चार जबाबदार माणसं टेबलाभोवती बसून राक्षस मारतात. ही बाब गंभीर आहे. झेडपीच्या शाळेतल्या उज्वला मॅडम गोष्ट सांगतात, राक्षसही त्याच होतात. बाकीचे तिघं त्या गोष्टीतले वीर. कोणाचा वार बसला आणि कोणाचा फुकट गेला, हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. तहसीलमधले अव्वल कारकून आप्पासाहेब तिरंदाज असतात, वकील संघपाल जादूगार, आणि वैजनाथ पैलवान. अंगानं वैजनाथ म्हणजे कूलरची जाळी. बरगड्या लांबून मोजून घ्या. पण रविवारी चार तास तो पैलवान असायचा, आणि आठवड्याचे उरलेले दिवस त्याच जोरावर काढायचा.

त्या रविवारी पुलावर सहा हातांचा राक्षस आडवा आला. वैजनाथची तलवार पहिल्याच वाराला तुटली.

"तुटू द्या मॅडम," वैजनाथ बाह्या सारून म्हणाला. "मी त्याला कमरेत धरतो अन् पुलाखाली टाकतो."

मॅडमनी खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडलं. तलवार, भाला, उकळतं तेल, सगळ्याचे नियम पुस्तकात होते. नुसत्या हातानं धरायचाही होता, पण तो अडीच पानांचा होता आणि त्याच्या शेवटापर्यंत आजवर कोणी जिवंत पोचलं नव्हतं. मॅडमनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि पुस्तक मिटलं.

"आपण आपला घरचाच नियम करू."

आप्पासाहेबांनी खिशातून पेन काढलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची परिपत्रकं खाली पाठवली होती. स्वतःचं एकही नाही. कलम एक तिथंच उतरलं: 'धरू इच्छिणाऱ्याने कोणता अवयव, कोणत्या हाताने व किती वेळ धरणार, हे विहित नमुन्यात लिहून द्यावे.'

"अहो साहेब, मी लिहीत बसलो तवर तो मला खाईल की!"

"म्हणून तर कलम दोन. अर्ज प्रलंबित असेतो जैसे थे. तो तुला खाणार न्हाई, तू त्याला धरायचं न्हाई."

वैजनाथला हे लई न्यायाचं वाटलं. त्यानं अर्ज लिहिला.

पुढच्या रविवारी संघपाल उभा राहिला. "एकतर्फी कसं धरता? राक्षस असला म्हणून का झालं, त्याला बाजू मांडू द्या." कलम तीन: सुनावणी. राक्षसानं, म्हणजे मॅडमनी, वकील द्यायला मुदत मागितली. संघपालनं तिथल्या तिथं वकीलपत्र घेतलं.

"तू माझ्या बाजूचा हाईस ना रे?"

"खेळात हाय की. पण पेशा वेगळा, वैजू." आणि त्यानं हरकत घेतली: प्रतिवादीस हात सहा, अर्जात उल्लेख एकाचाही नाही. मग हाताला एक याप्रमाणे सहा परिशिष्टं लागली.

जैसे थे फक्त वैजनाथला आणि राक्षसाला. तिरंदाज आणि जादूगार मात्र त्या दोघांच्या मधून वाट काढून पूल ओलांडून गेले, किल्ला जिंकला, राजाच्या पंगतीला बसले. वैजनाथ खालून चहा आणायचा आणि पुलावर उभा राहायचा.

"कुठवर आलं?" घरी पुनम विचारायची.

"पुलावरच हाय."

"मागच्या रविवारी बी तिथंच व्हता न्हवं?"

बायकोला काय सांगणार? तिच्या नजरेत आता पैलवान उरला नव्हता, नुसती जाळी उरली होती. चौथ्या रविवारी त्यानं तालमीतून भीमा वस्तादालाच माडीवर आणलं. तज्ज्ञ म्हणून. वस्तादानं सातही कलमं शांतपणे ऐकली.

"धरला की पाडायचा. ह्यात लिहायचं का हाय?"

आप्पासाहेबांनी इतिवृत्तात नोंदवलं: 'तज्ज्ञांनी नियमावलीस तत्त्वतः सहमती दर्शविली.' आणि विचारलं, "प्रात्यक्षिक दाखवता का, वस्ताद?"

वस्तादानं दाखवलं. आप्पासाहेबांची मुंडी त्याच्या बगलेत गेली आणि चष्मा इतिवृत्तावर पडला.

"सोडा! सोडा वस्ताद!"

"नियम का म्हणतो, मॅडम?"

मॅडमनी वाचलं. "कलम सात. सुटकेसाठी धरलेल्याने सरळ उभे राहून स्वतः अर्ज सादर करावा."

"मग राहा की उभे, साहेब. मी थांबतो. लंगोट बांधला तवापासून नियम मोडला न्हाई आपण."

बगलेतून आवाज आला, "वैजनाथ, काहीतरी कर रे!"

वैजनाथ वाकून बगलेजवळ गेला. "माझा अर्ज मंजूर करा, साहेब. मी सांगतो वस्तादाला."

एक हात कसाबसा बाहेर आला, चाचपडला, आणि महिनाभर अडलेली सही दोन सेकंदांत झाली. वैजनाथनं सांगितलं तशी वस्तादानं मुंडी सोडली. वैजनाथनं फासा उचलला, कपाळाला लावला, टाकला.

वीस! तीन वर्षांत पहिल्यांदा वीस!

तो ओरडतच उठला. मॅडमनी राक्षसाचं पान काढलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वैजनाथ, त्याची बदली झाली रे. मागच्याच रविवारी."

"बदली? अन् जैसे थे?"

"ते पदाला लागू हाय, माणसाला न्हाई. कलम पाच."

"मग पुलावर आता कोण हाय?"

"नवा रुजू झालाय," मॅडम हळूच म्हणाल्या. "आठ हात."

वैजनाथनं नियमावलीचे अकरा कागद उचलले. दोन्ही हातांत घट्ट धरले. आप्पासाहेब मान चोळायचे थांबले. "फाड की," वस्ताद पुटपुटला.

वैजनाथनं कागद टेबलावर आपटून चारही कोपरे नीट जुळवले.

"मॅडम, जुनाच अर्ज चालंल का नवा लागंल?"

हसा, खुशाल हसा. पण एक खरं सांगा. मॅडम 'आठ हात' म्हणाल्या, तेव्हा 'फाडून टाक ते कागद' हे तुमच्या मनात आधी आलं, का 'म्हणजे परिशिष्टं दोन वाढली' हे आधी आलं?

आलं ना? मग सरका थोडं पुढं. वैजनाथच्या मागं तुमचाच नंबर आहे.