खंडूनानांची दोन सीटची गाडी

खंडूनानांना रिकामी जागा बघवत नाही. आमच्या घरी आले आणि सोफ्यावर ऐसपैस बसलेली माणसं दिसली, की ते दारातूनच हात हलवतात, "सरका, सरका, आजून एक बसतंय." तिघांच्या त्या सोफ्यावर त्यांनी एकदा माझे व्याही, विहीणबाई, मी, स्वतः नाना आणि गॅस सिलिंडरवाला असे पाच जण बसवले होते. सिलिंडरवाला बिचारा फक्त टाकी द्यायला आला होता. दातांच्या दवाखान्यातही तेच. गाल सुजलेल्या माणसांना त्यांनी बाकावर असं काही तिरपं बसवलं, की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बघतच राहिल्या.

ही सवय धंद्यातून आलेली. नानांनी उभं आयुष्य अकोले-राजूर रस्त्यावर वडाप चालवलं. वडाप म्हणजे खासगी जीप. भरल्याशिवाय हलत नाही ती. जीपमध्ये किती माणसं बसतात याचा एक आकडा आरटीओच्या कागदावर होता आणि एक नानांच्या मनात. पुढच्या सीटवर नानांसकट चौघं. नाना स्वतः अर्धे दाराबाहेर. गिअर त्यांच्या हाताला लागायचाच नाही. मग ते तिसऱ्या माणसाला सांगत, "पाटील, दुसरा टाका." राजूरकडची कितीतरी माणसं अशी लायसन्स नसताना गिअर टाकायला शिकली.

मी इथं अकोल्यातल्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून मला सगळे सर म्हणतात. नाना एकदा ग्रंथालयात आले आणि कपाटातल्या मोकळ्या जागा बघून हळहळले. "सर, गाडी रिकामी पळवताय तुमी," म्हणाले.

तर अशा या नानांनी दोन वर्षांपूर्वी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, लाल, वरून उघडी.

त्यामागचं कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ते कारण म्हणजे त्यांच्या पत्नी, लंकाकाकू. काकू नानांच्या गाडीत बसत नाहीत. एरवी दोघांचं उत्तम आहे. त्या त्यांना गरम भाकरी वाढतात, त्यांच्याशी कडाकडा भांडतात, पण नानांच्या कुठल्याही चाकावर बसत नाहीत. याला वीसेक वर्षं होत आली. काकूंचं माहेर राजूरच्या पुढं. भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. काकू नवं पातळ नेसून पहिल्यांदाच जीपमध्ये पुढं, खिडकीशी बसल्या. इंदोरी फाट्यावर तलाठ्यानं हात केला. नाना सवयीनं म्हणाले, "जरा मागं जा गं, सायेब हायत." मागं जागा होती ती फक्त आडव्या ठेवलेल्या स्टेपनीवर. काकू खाली उतरल्या. मागं बसल्या असतील असं समजून नानांनी गाडी सोडली. राजूरला माणसं उतरवताना हिशेबात एक बाई कमी भरली. ती त्यांचीच.

त्या दिवसापासून काकू एसटीनं जातात. नानांची जीप दारात उभी असताना पिशवी घेऊन तिच्या शेजारून चालत स्टँडवर जातात. पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, वडाप बसलं, नानांनी जीप भंगारात काढली. मुलगा नाशिकला. घरात दोघंच उरली. मग एका संध्याकाळी नाना मोबाईल घेऊन माझ्याकडं आले.

"सर, ही कसली गाडी हाय?"

"स्पोर्ट्स कार. हिचं छत उघडतं."

"छताचं जाऊ द्या. मागं सीट न्हाई?"

"नाही. दोघांचीच असते."

"पन तिसरं बसवायचंच म्हनलं तर?"

"कुठं बसवणार? सीटमागं लगेच डिकी."

नानांचा चेहरा उजळला. आवाज खाली आणून म्हणाले, "मला हीच पायजे. चार सीटची घेतली तर माझा हात ऱ्हायचा न्हाई सर. कुनी हात केला का मी थांबनार, आन् हिला म्हननार, जरा मागं जा. हिच्यात मागंच न्हाई!"

माणसानं स्वतःचा स्वभाव इतका नेमका ओळखून त्यावर चार चाकांचा इलाज शोधल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. मोठमोठ्या ग्रंथांत आत्मज्ञानाचे मार्ग सांगितलेत, पण त्यांत डिकीचा उल्लेख नाही.

आम्ही पुण्याला गेलो. गाडीचा मालक तरुण होता, कुठल्याशा कंपनीत सल्ला देण्याचं काम करायचा. त्याला नुकतीच जुळी झाली होती, त्यामुळं दोन सीटच्या गाडीचा त्याला आता उपयोग नव्हता आणि भावही त्यानं नानांना झेपेल असा ठेवला होता. पण गाडी देताना त्याचा जीव तुटत होता. तो म्हणाला, "नाना, ही नुसती गाडी नाही. हा एक अनुभव आहे."

"अनुभव माझ्याकडं हाय," नाना म्हणाले. "तुमी गाडी दावा."

नाना गाडीखाली सरपटत जाऊन आले. इंजिनाला कान लावला. रेडिएटरच्या पाण्याचा वास घेतला. मग स्टिअरिंगकडं न बघता डाव्या सीटवर जाऊन बसले. दाबून बघितलं, उठले, परत बसले, दार दहादा उघडलं-लावलं.

"शंभरचा स्पीड किती सेकंदात घेते माहितीय?" मालकानं विचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या. पातळ आडकतं का हितं, दारात?"

मालकाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं आतून बायकोची ओढणी मागवली. ती दारात धरून तीन-चारदा प्रयोग झाला. ओढणी अडकली नाही. व्यवहार ठरला.

कागदपत्रं झाल्यावर मी ऐटीत डाव्या बाजूनं निघालो. उघड्या गाडीतून नारायणगावचं वारं खात घरी जायचं, असे माझे बेत होते. नाना आडवे आले.

"सर, राग मानू नका. तुमी येष्टीनं या."

"का?"

"ती सीट पहिल्यांदा तिची."

मी एसटीनं आलो. संगमनेरला गाडी बदलली. उभ्यानं आलो.

गाडी गल्लीत आली तेव्हा टप नाही हे बघून लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. "कुटं उलटली?" हा पहिला प्रश्न. समोरचे गुरव तर नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानसं वाचली ना? मंग झालं." टप मुद्दामच काढता येतो हे पटवायला नानांना आठवडा लागला. तेवढ्यात त्यांनी पेंटर बोलावून डाव्या दारावर एसटीत असतात तशी अक्षरं काढून घेतली : 'महिलांसाठी राखीव'.

काकू ओट्यावर आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ही काय, उन्हात ठिवून पानी तापवायला आनली का?"

"बस तर खरी," नाना म्हणाले.

"मला येष्टीत आर्धं तिकीट हाय."

"आगं, हितं फुकट हाय."

"फुकट तवाबी हुतं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

गावात मात्र त्या सीटला मागणी फार. उघडी गाडी म्हणजे मिरवणुकीची गाडी, अशी आपल्याकडं समजूत. प्रत्येक फ्लेक्सवर 'भावी' म्हणून झळकणारे आमचे एक तरुण नेते चार पांढऱ्या गाड्यांचा ताफा घेऊन नानांच्या दारात आले. वाढदिवसाला या गाडीत उभं राहून जनतेला अभिवादन करायचा त्यांचा विचार होता. नानांनी त्यांना दारावरची अक्षरं वाचायला लावली. नेते हसले. "नाना, आरक्षणाबद्दल आपल्याला आदरच आहे, पण एक दिवस..."

"महिला उमेदवार द्या," नाना म्हणाले. "इचार करू."

मग एक नवरदेव आला. त्याला वरातीत गाडी हवी होती. नानांनी त्याला शांतपणे समजावलं, "हे बघ, एक सीट माझी. दुसरीवर तू. नवरी कुटं बसंल? डिकीत?" नवरदेवानं यावर विचार केला नव्हता. सगळी गडबड पहिल्याच दिवसापासून अशी सुरू होते, हे नानांनी त्याला सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते मला दिसलं.

असा हिवाळा आला. नाना रोज सकाळी शेजारची सीट रिकामी घेऊन दूध आणायला जायचे. रस्त्यात कुणी हात केला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मग ते मान फिरवून, दात आवळून गाडी पुढं काढायचे. गाडी घेतल्यापासून नाना वाळले, असं गल्लीचं मत पडलं.

भातकापणी उरकली आणि काकूंच्या भावानं नव्या तांदळाचं जेवायला बोलावलं. काकू पिशवी घेऊन स्टँडवर निघाल्या. नाना गाडी घेऊन हळूहळू त्यांच्या बाजूनं. काकूंनी राजूरची एसटी धरली. मीही धरली. राजूरला मला काहीही काम नव्हतं.

गाडी खच्चून भरलेली. काकूंना मागच्या खिडकीशी जागा मिळाली. एसटी निघाली आणि मागोमाग ती लाल गाडी. टप नसल्यामुळं नाना आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत दिसत होते आणि शेजारची मोकळी सीटही. एसटीतल्या लोकांना एवढी करमणूक फुकटात मिळत नाही.

"मावशी, तुमचं मानूस येतंय मागं, आख्खी सीट घिऊन," कंडक्टर म्हणाला.

"येऊ द्या. रस्ता त्याच्या बापाचा हाय का माझ्या?"

"नाना, मी येऊ का?" एका पोरीनं खिडकीतून ओरडून विचारलं. नानांनी हात जोडले.

इंदोरी फाट्यावर एसटी थांबली. मागं नानाही थांबले. इतक्यात फाट्यावरच्या गर्दीतून कडक इस्त्रीच्या शर्टातले एक वजनदार गृहस्थ निघाले. एसटीतली गर्दी बघून त्यांनी नाक मुरडलं आणि थेट लाल गाडीकडं गेले. हात केला तोही असा, की जणू गाडी त्यांच्यासाठीच बनवली आहे. दाराच्या कडीला हातही घातला.

एसटीतली सगळी डोकी मागं वळली. काकू मागच्या काचेतून बघत होत्या. त्यांची मूठ पिशवीच्या बंदावर घट्ट झाली होती. नानांचा स्वर उघड्या गाडीतून सरळ आमच्यापर्यंत आला.

"सीट गेलेली हाय."

"अहो, रिकामी तर दिसतेय."

"दिसू द्या. गेलेली हाय."

"मी कोण आहे माहितीय का?"

"न्हाई," नाना म्हणाले. "आन् सांगू बी नका. मला लगेच दया येती."

गृहस्थांनी कडी सोडली.

काकू उठल्या. माणसांतून वाट काढत दाराकडं निघाल्या. "मावशी, तिकीट राजूरचं हाय तुमचं," कंडक्टर म्हणाला. "ऱ्हाऊ द्या सरकारला," काकू म्हणाल्या आणि उतरल्या. लाल गाडीचं दार त्यांना लगेच उघडता येईना. नाना धावत फिरून आले, पण काकूंनी त्यांना दाराला हात लावू दिला नाही. स्वतःच उघडून बसल्या, आणि सीट इतकी खाली, की एकदम म्हणाल्या, "आगं बया! हे तर जमिनीवर बसल्यावानी हाय!" अख्खी एसटी हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी पदर आत घेतला आहे ना ते बघितलं आणि दार लावलं.

पुढं विठ्याच्या घाटात ती लाल गाडी आमच्या मागं कुठंतरी राहून गेली. ज्या नानांनी सगळं आयुष्य प्रवासी पळवायला एसटीच्या पुढं गाडी काढली, त्यांना त्या दिवशी ट्रॅक्टरनंही मागं टाकलं, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. काकू आत भावाशी फोनवर बोलत होत्या आणि भाऊ चिडलेला होता, कारण दोघं जेवायला पोचलीच नव्हती.

"काय नाना, कुठं हरवलात?"

"आवो, घाट चढलो तर ही म्हनली, पुन्ना दावा. परत खाली आलो, परत चढलो. चार येळा." नाना कानशील खाजवत म्हणाले, "जीपीत मागं आडवं बसायचं, म्होरं मानसांचे गुडघे. येष्टीत बाजूची खिडकी. म्होरून घाटाचा रस्ता येताना तिनं कदी बघितलाच न्हवता. म्हनली, एवढा भारी हाय तर तुमी कदी बोलला न्हाई?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? मी तरी कुटं बघितला हुता? माझं ध्यान कोन हात करतंय तिकडं."

आत काकू भावाला सांगत होत्या, पुढच्या रविवारी येतो, नक्की येतो.

"संध्याकाळी राजूरच्या नाक्यावर आलो, सर. दिवस बुडत हुता. मला काय बोलावं सुचंना. शेजारी एकच मानूस घिऊन कदी गाडी चालवलीच न्हाई ना. मंग तोंडातून सवयीनं निघून गेलं, 'कुटं उतरायचं?'"

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, 'न्हाई उतरायचं.'"