बाईंना शेवट सांगू नका

"बाई, काय कादंबरी आहे हो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि शेवटी तो पडदा सरकतो तेव्हा मागे—"

"ला ला ला ला ला!" बाई कानांत बोटं घालून ओरडल्या. पेपर वाचत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. काउंटरपलीकडे दातांचे डॉक्टर हातात पुस्तक धरून खुळ्यासारखे उभे राहिले.

"झालं काय?"

"मी वाचलेली नाही अजून."

"तुम्ही? अहो, वाचनालय तुमचं, पुस्तक तुमचं!"

इथेच तर सगळं दुखणं होतं. नवं पुस्तक आधी सभासदांना, मग आपल्याला, हा नियम बाईंनीच करून ठेवला होता. तेव्हा त्या तरुण होत्या आणि त्यांना आदर्श वगैरे व्हायचं होतं. तेव्हापासून एकही रहस्यकथा त्यांना कोरी मिळाली नव्हती. पुस्तक परत करणारा प्रत्येक जण काउंटरवर कोपर टेकून खुनी कोण ते सांगूनच जायचा. मग घरी नेऊन ती वाचणं म्हणजे उष्ट्या ताटावर बसणं.

एरवी बाईंना पुढचं सगळंच ठाऊक होतं. सकाळी नवरा मोजे कुठे आहेत विचारणार. सासूबाई चहा पांचट झालाय म्हणणार आणि दुसरा कप मागणार. मग वाचनालय, मग घर, मग पुन्हा मोजे. या सबंध जगण्यात त्यांना माहीत नसलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पडद्यामागे कोण. तेवढी तरी कोणी हिरावून घेऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

पाठच्या पुठ्ठ्यावर होतं तेवढंच त्यांनी वाचलं होतं. डोंगरावरच्या बंद पडलेल्या इस्पितळात एक पंथ राहतो. सगळे राखाडी झगे घालतात आणि बोलत नाहीत. त्यांच्या प्रमुखाला कोणी पाहिलेलं नाही, पडद्यामागून फक्त आवाज येतो. आत गेलेला माणूस परत येत नाही. तरी धाकट्या बहिणीला शोधायला थोरली आत शिरते. बस्स, एवढं वाचूनच बाईंच्या अंगावर काटा आला होता.

डॉक्टरांनंतर पुस्तक निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलं. सर शहाणे माणूस, त्यामुळे बाई निर्धास्त होत्या.

"मी काही सांगणार नाही," परत करताना सर म्हणाले. "फक्त माझं मत सांगतो. शिस्त वाखाणण्याजोगी. पहाटे उठतात, ज्याची भांडी तो घासतो, कुठे गडबड नाही, गोंगाट नाही. आमच्या शाळेत असं एक वर्ष जरी झालं असतं तरी मी समाधानाने निवृत्त झालो असतो."

"अहो सर, ती माणसं मारतात!"

"हो, ते जरा अती झालं. आणि बाई, त्या बागेतल्या माळ्यावर लक्ष ठेवा. याहून जास्त मी बोलणार नाही."

झालं! आता बाईंच्या डोक्यात माळी शिरला. तो खुनी की बिचारा, काही कळेना. त्यात सासूबाई. त्या स्वतः पैसे भरून सभासद झालेल्या, आपला नंबर सोडायला बिलकूल तयार नाहीत. पुस्तक घरात आलं आणि बाईंना आपल्याच घरात जेवायची चोरी झाली.

"चांगली माणसं आहेत गं ती," सासूबाई घास चावत म्हणाल्या. "शेजारच्याला वाढल्याशिवाय जेवत नाहीत. म्हाताऱ्यांना कोणी उलट बोलत नाही. ते खून सोडले तर आपल्या घरापेक्षा बरं चाललंय त्यांचं."

"आई, कृपा करून पुढे काही बोलू नका."

"मी कुठे बोलतेय? पण तो माळी बिचारा—"

बाई ताट उचलून गॅलरीत गेल्या. तिथे नवरा कोपऱ्यात बसून पुस्तकाचं शेवटचं पान वाचत होता. "अरे बाप रे," तो पुटपुटला, "म्हणजे इतकी वर्षं..." बाई ताट घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावून उभ्याने जेवल्या.

असे दातओठ खाऊन दिवस काढल्यामुळे असेल, त्यांची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. गावात दातांचे डॉक्टर एकच.

"आ करा. मोठा. आता अजिबात बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाईंच्या तोंडात आरसा घातला, नळी घातली, कापूस कोंबला आणि मग समाधानाने उसासा टाकला. "हां. तर त्या दिवशी माझं बोलणं अर्धवट राहिलं."

"ऑं! ऑं ऑं!"

"दुखतंय? होईल कमी. मला तर वाटतं, थोरलीनं तो पडदा ओढायलाच नको होता. कारण मागे बघते तर—"

बाईंना ओरडता येईना, हलता येईना. जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. कचकन चावल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोटाला भलंमोठं बँडेज बांधून वाचनालयात हजर. सभासद जमले. कोणी बाईंच्या बाजूने, कोणी बोटाच्या. एका बाजूने गाल सुजलेल्या बाई स्टुलावर चढल्या.

"ऐका!" त्यांचा आवाज चिरकला. "या कादंबरीबद्दल माझ्यासमोर, माझ्यामागे, इथे किंवा रस्त्यात जो चकार शब्द काढेल त्याचं सभासदत्व रद्द. कायमचं! करा हात पुढे. म्हणा माझ्यामागून."

आसपास दुसरं वाचनालय नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्याने हात पुढे केले आणि शपथ घेतली. डॉक्टरांनी बँडेजवाला हात पुढे केला. सासूबाईंनीही घेतली, वर "मीठ कमी आहे म्हटलं तर चालेल ना?" असं विचारून घेतलं.

मग मात्र शांतता पसरली. सभासद यायचे, खाली मान घालून पुस्तक बदलायचे, जायचे. चुकून काही निसटेल या धास्तीने लोक हवापाण्याचंसुद्धा बोलेनात. रस्त्यात बाई दिसल्या की लोक पलीकडच्या बाजूला जात. घरी नवऱ्याने मोजे कुठे आहेत ते हातवारे करून विचारलं. बाईंना सुरुवातीला फार बरं वाटलं. पुढे जरा कसंतरीच वाटायला लागलं.

शेवटी त्यांचा नंबर आला. सुट्टीच्या दिवशी दार लावून त्यांनी पुस्तक उघडलं ते संपवूनच मिटलं. मधे एका ठिकाणी तर त्यांनी उठून दाराची कडी पुन्हा तपासली. पडद्यामागचा आवाज म्हणतो, "आज तुम्हाला मोकळं केलं. मनातलं बोला." आणि जे बोलतात ते सकाळी दिसत नाहीत. शेवटी थोरली पडदा ओढते. मागे कोणीच नाही. एक खुर्ची, धूळ आणि जुना टेपरेकॉर्डर. प्रमुख केव्हाच मेलेला. मग रोज बटण कोण दाबत होतं? ते लेखकाने सांगितलंच नव्हतं!

माळी? धाकटी बहीण? की रोज वेगळा कोणीतरी? हे कोणाशी तरी बोलल्याशिवाय बाईंना घास गिळवेना. त्या धावत सासूबाईंकडे गेल्या.

"आई, बटण कोण दाबत होतं हो?"

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, तुम्ही तरी!" बाई नवऱ्याकडे वळल्या, तर तो उठून मोजे शोधायला गेला.

सकाळी बाईंनी वाचनालय उघडलं आणि सगळे जमल्यावर हात जोडले. "माझी वाचून झाली. शपथ सुटली असं समजा. मी तुम्हाला मोकळं केलं. बोला, काय वाटतं तुम्हाला?"

डॉक्टरांनी सरांकडे बघितलं. सर गालातल्या गालात हसले. "बाई, आम्हीही ते प्रकरण वाचलंय. मोकळं केलं म्हणतात, आणि बोललेला सकाळी दिसत नाही."

"अहो, मी परीक्षा घेत नाहीये! खरंच सांगते!"

"तिथेही असंच म्हणतात," डॉक्टर हळूच म्हणाले आणि बोट पाठीमागे लपवलं.

बाई रडायच्याच बेतात होत्या. इतक्यात दारातून एक अनोळखी तरुणी आत आली. नवीन राहायला आलेली असावी. काउंटरवरचं पुस्तक तिने उचललं. "सभासद व्हायचंय. ही कशी आहे हो?"

बाईंचा चेहरा उजळला. "बसा! सगळं सांगते. एक पडदा असतो, त्याच्यामागे—"

"बाई!" सगळे एकदम उभे राहिले. सगळ्यांची बोटं ओठांवर गेली. डॉक्टर जाऊन दारापाशी उभे राहिले. सर शांतपणे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. सभासदत्व रद्द होईल."

तरुणीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुस्तक अलगद खाली ठेवलं, "मी... मी नंतर येते," म्हणाली आणि डॉक्टरांच्या काखेखालून वाकून जी पळाली ती कोपऱ्यावर पोचल्यावरच तिने मागे वळून पाहिलं.

"अहो, थांबा! आम्ही तसले नाही हो!" बाई दारात येऊन ओरडल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्या परत येऊन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

सरांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "होतं असं," ते मायेने म्हणाले. "सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. मग सवय होते."