संध्याकाळ कोणाला हवी होती?

सेमिसी लोलोहेआ यांचं म्हणणं असं, की ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावात गुन्हे होत नाहीत याचं एकमेव कारण म्हणजे ते स्वतः. बदामाच्या गोदामावर ते रात्रपाळीचे पहारेकरी होते आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही बदाम चोरीला गेला नव्हता. मोसमात गावातल्या रस्त्यांच्या कडेला बदाम सांडलेले असतात आणि ते वेचायलासुद्धा कोणी वाकत नाही, हा मुद्दा त्यांच्या बायकोने एकदा काढून पाहिला. "म्हणजे माझी दहशत रस्त्यापर्यंत पोचलीय," एवढंच बोलून सेमिसीकाका आंघोळीला गेले.

टोंगा बेटांवरून येताना त्यांनी एक बॅटरी, एक भिंग आणि प्रचंड देह आणला होता. पाठलाग करताना हा देह कुठल्याच झाडामागे मावत नसे. पण काकांच्या मते खरा गुप्तहेर लपत नाही, जगच त्याच्यापासून लपतं. इंग्रजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी उभं राहून स्वतःची ओळख करून दिली होती: "आय प्रिफर मिस्टरी दॅन फूड."

"टू, सेमिसी," ब्रॉनविनबाई हळूच म्हणाल्या. "प्रिफर मिस्टरी टू फूड."

"टू फूड," काकांनी दुरुस्ती मोठ्या मनाने मान्य केली आणि ताटलीतला तिसरा लॅमिंग्टन केक उचलला.

वर्गातली लतीफा त्यांची मदतनीस कशी झाली याची गोष्ट अगदी छोटी आहे. काकांनी विचारलं, "होशील का?" आणि तिला नाही म्हणता आलं नाही. तिला कोणालाच नाही म्हणता यायचं नाही. लहानपणापासून घरी पाहुण्याला, थोरामोठ्यांना, शेजाऱ्यांना "तुम्ही म्हणाल तसं" हेच ती म्हणत आली होती आणि ते इतकं सवयीचं झालं होतं, की तिला स्वतःला काय हवंय हे तिलाच शोधून काढावं लागायचं. वर्गात मात्र गंमत होती. तिथे पूर्ण महिना आपली आवडनिवड इंग्रजीत कशी सांगायची तेच चाललं होतं. लतीफाची वाक्यं बिनचूक असत. ती सफरचंदांपेक्षा संत्री पसंत करायची, बसपेक्षा सायकल पसंत करायची. खरं म्हणजे तिला सायकल चालवता येत नव्हती.

त्या सकाळी वर्गाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. सर्वांच्या इच्छेनुसार पुढच्या सोमवारपासून वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरेल.

लतीफाने तो वाचला, कडेवरच्या छोट्या लेकीला, यल्दाला, सावरलं आणि पुन्हा वाचला. तिचा नवरा कासिम संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये दुपारी दोनला जायचा तो मध्यरात्री यायचा. वर्गाशेजारच्या खोलीतलं पाळणाघर दुपारी बारालाच बंद होई. संध्याकाळी झोपेला येऊन किरकिरणारी यल्दा वर्गात तर नेता येणार नाही, मग तिला सांभाळणार कोण? म्हणजे वर्ग संपला. पूर्ण आठवड्यात तिला कोणीतरी काहीतरी विचारतं आणि ती काय सांगते याची वाट बघत थांबतं, अशी ही एकच जागा होती.

"सर्वांच्या इच्छेनुसार," सेमिसीकाकांनी भिंगातून वाचलं. अक्षरं मोठी होती, भिंगामुळे ती अक्राळविक्राळ झाली. "पोरी, इच्छा आहे म्हणजे हेतू आहे. हेतू आहे म्हणजे गुन्हेगार आहे. संध्याकाळ कोणाला तरी हवी होती. कोणाला?"

"सगळ्यांनीच हात वर केले होते, काका."

लतीफाला तरी तसंच दिसलं होतं. गेल्या गुरुवारी बाईंनी विचारलं होतं, संध्याकाळचा वर्ग बरा पडेल का. एक हात वर गेला, मग दुसरा, मग भराभर सगळे. लतीफाच्या एका हातात यल्दा होती, म्हणून तिने दुसरा वर केला. बाई इतक्या प्रेमाने विचारतात आणि आपण काय तोंड वर करून नको म्हणायचं?

"बाकीचे हात म्हणजे धूळफेक," काका म्हणाले. "खरा हात एकच. तो मी शोधणार."

पहिला संशय वर्गातल्या ओर्हानवर आला, कारण त्याचं कबाबचं दुकान वर्गाच्या अगदी समोर होतं. काकांचा सिद्धांत असा: संध्याकाळी वर्ग सुटला की उपाशी विद्यार्थी थेट ओर्हानच्या दुकानात शिरणार. सिद्धांत तपासण्यासाठी काकांनी आधी दोन कबाब मागवले.

ओर्हान सुरीने मांस तासत होता. "संध्याकाळी माझ्या दुकानाबाहेर रांग लागते, काका. मी कबाब असाच फिरत ठेवून व्याकरण शिकायला जाऊ?"

"मग हात का वर केलास?"

"थुईताईंसाठी. सकाळी त्यांची बेकरी गच्च भरलेली असते. म्हटलं, बिचाऱ्यांना संध्याकाळ सोयीची पडेल. मी काय, मुलाला गल्ल्यावर बसवलं असतं. तो पैसे मोजताना फोन बघतो, पण असू दे."

काकांनी बोटं चाटली. "थुई," ते गंभीरपणे म्हणाले. "पावामागे दडलेली बाई."

थुईताई पावामागे नव्हत्या, पावासमोर खुर्ची टाकून डुलक्या घेत होत्या. व्हिएतनामहून येऊन त्यांनी मिल्ड्युरातली सगळ्यात खुसखुशीत मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, बनवून दाखवली होती आणि त्यासाठी त्या पहाटे उठत.

"संध्याकाळी सहाला मी माणूस नसते," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पीठ असते. कोणी कुठेही ठेवावं, तशी पडते."

"तरी हात वर केलात," काका म्हणाले.

"तुमच्यासाठी. तुमचा हात दिसला म्हणून. म्हटलं, म्हातारा माणूस, रात्रपाळी करून सकाळी वर्गात येतो, घोरतो. जरा झोपू दे त्याला."

काकांनी लतीफाला बाजूला घेतलं. "साक्षीदार माझी दिशाभूल करतेय."

"काका, तुमची पाळी किती वाजता सुरू होते?"

"सहाला."

"आणि नवा वर्ग?"

"साडेसहाला." काकांनी एक पाव उचलून भिंगातून तपासला. "मी गर्दीत मिसळलो होतो," शेवटी ते म्हणाले. "त्याला आमच्या धंद्यात वेषांतर म्हणतात."

लतीफाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बेकरीबाहेरच्या बाकावर काकांनी पाय फाकून बसकण मारली, नुकतीच घेतलेली मीट पाय कागदातून सोडली आणि आवाज खाली आणला. "आता एकच शक्यता उरते. वर्गात कोणाला तरी शांतता हवी आहे. सकाळी शांतता का नसते? संशयित या क्षणी तुझ्या कडेवर आहे आणि माझी मीट पाय खातोय."

यल्दाने खरोखरच मीट पायचा कोपरा तोंडात घातला होता.

लतीफाने यल्दाच्या तोंडावरचा चुरा पुसला. यल्दा कधी कधी पाळणाघरात रडायची, मग ती तिला मांडीवर घेऊन वर्गात बसायची. मागच्या आठवड्यात यल्दाने पेन्सिल चावली होती. त्याच्या आधी बाई फळ्यावर लिहीत असताना ती मोठ्याने गायली होती, आणि तेही मधेच थांबून सुरुवातीपासून. त्या कागदावरचं पहिलं अक्षर वाचल्यापासून लतीफाला हीच भीती होती. ती तिने स्वतःशीसुद्धा उच्चारली नव्हती, आणि आता काकांनी ती मीट पायसकट बाकावर मांडली होती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांना असतं तसं मोठं, मऊ मन त्यांच्याकडे होतं, फक्त काका त्या मनापर्यंत उशिरा पोचायचे. "चुकलो," ते म्हणाले. "हा सिद्धांत रद्द. एवढ्या लहान माणसाला हेतू नसतो, फक्त भूक असते." उरलेली मीट पाय त्यांनी यल्दाला देऊन टाकली. काकांच्या आयुष्यातला हा सर्वात मोठा त्याग असावा. "उरल्या ब्रॉनविनबाई."

बाईंचा माग काढायला ते संध्याकाळी, काकांच्या पाळीआधी गेले. लतीफाकडे बाबागाडी होती, काकांकडे बॅटरी होती, आणि उजेड भरपूर असल्याने ती उगाच पेटलेली होती. बाई पांढरे कपडे घालून क्लबच्या हिरवळीवर मैत्रिणींबरोबर गोळे घरंगळवत होत्या. लॉन बोल्सचा खेळ म्हणजे गोळा सोडायचा आणि तो पोचेपर्यंत गप्पा मारायच्या. बाई कधी नव्हे इतक्या खुशीत होत्या. त्यांचा गोळा निशाण्याच्या पांढऱ्या चेंडूला जाऊन टेकला, तशा त्यांनी जागच्या जागी एक गिरकी घेतली.

काका आणि बाबागाडी एका गुलाबाच्या झुडपामागे होती. म्हणजे बाबागाडी मागे होती, काका सगळीकडेच होते.

"अरे, तुम्ही?" बाईंनी हात केला. "उन्हात का? सावलीत बसायला आवडेल की इथे बाकावर?"

"तुम्ही म्हणाल तसं," दोघं एकदम म्हणाले आणि बाईंना संकोच नको म्हणून अर्धे सावलीत, अर्धे उन्हात बसले.

"रोज संध्याकाळी येते मी," बाई म्हणाल्या. "म्हणजे, येत होते. पुढच्या आठवड्यापासून जमणार नाही. पण ठीक आहे, तुम्हा सगळ्यांना सोयीचं पडतंय ना." आणि त्या गोळ्याकडे बघत राहिल्या.

परत येताना काका विजयी होते. "पाहिलंस? त्यांना या खेळापासून सुटका हवी आहे. संध्याकाळच्या वर्गाच्या आडोशाने पळ काढतायत."

"काका, त्या गिरकी घेत होत्या."

"सुटकेची."

शुक्रवार हा सकाळच्या वर्गाचा शेवटचा दिवस. काका तपासाचा अहवाल सादर करायला उभे राहिले. अहवालात बाई मुख्य गुन्हेगार होत्या, पण बाई समोरच असल्याने काकांनी तो भाग गाळला, आणि मग अहवालात काहीच उरलं नाही. ते खाली बसले.

"छान," बाई म्हणाल्या. "चला, सराव. कॉन्सोलाता, तुम्ही सांगा. संध्याकाळचा वर्ग?"

कॉन्सोलाता आजी आफ्रिकेतल्या बुरुंडीच्या. खिडकीजवळ बसायच्या, विणत राहायच्या. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या त्याच. बाकीचे आवडीनिवडीची लांबलचक, मऊ वाक्यं शिकले होते. आजींना दोनच येत होती: आवडतं आणि आवडत नाही. काकांनी त्यांची जबानी घेतलीच नव्हती, कारण ज्यांच्याकडे एवढं कमी इंग्रजी आहे त्यांच्याकडे हेतू कुठून असणार?

आजींनी सुई थांबवली. "आय डोन्ट लाइक," त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "पण तुम्ही सगळ्यांनी हात वर केले होते."

"मी नाही," आजी म्हणाल्या.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. ओर्हान टेबलाकडे बघू लागला, थुईताई जाग्या झाल्या, काका छताचं निरीक्षण करू लागले. कोणाला तरी बोलायला हवं होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला आधी बोलायचा मान देत होता.

लतीफा उभी राहिली. यल्दाने तिची ओढणी पकडली होती, म्हणून ती जरा तिरकीच उभी राहिली. संत्री आणि सायकलवाली वाक्यं तिने कितीदा म्हटली होती, पण त्यांपैकी एकाचंही तिला काही देणंघेणं नव्हतं. "आय वुड प्रिफर द मॉर्निंग," ती म्हणाली. आवाज फुटला. पुन्हा म्हणाली, आणि या वेळी शेवटपर्यंत, "टू द इव्हनिंग." मग वाक्य संपलं तरी ती थांबली नाही. "संध्याकाळी मला येताच येणार नाही. यल्दाला बघायला कोणी नाही. मी हात वर केला, कारण मला वाटलं, बाई, तुम्हाला संध्याकाळ हवी आहे. मला हा वर्ग हवा आहे."

"मला?" बाई म्हणाल्या. "मला संध्याकाळ अजिबात नको. मी तर फक्त विचारलं. द्राक्षांची तोडणी सुरू होणार, म्हटलं, तुमच्यापैकी काही जण सकाळी मळ्यावर जाल."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्गात द्राक्षं तोडणारं कोणीच नव्हतं.

"मग संध्याकाळ हवी कोणाला?" बाईंनी विचारलं, आणि या खेपेला हात एकही वर गेला नाही. त्या टेबलाच्या कडेवर बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उठून त्यांनी दारावरचा कागद काढला. यल्दा मोठ्याने गाऊ लागली. "गाऊ दे तिला," थुईताई म्हणाल्या, "तीच एक मला जागं ठेवते."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," सेमिसीकाकांनी जाहीर केलं, "गुन्हेगार वर्गातलाच आहे." आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी मान झुकवली आणि लॅमिंग्टनची ताटली आधी आजींपुढे केली.

लतीफा घरी आली तेव्हा कासिमची कामावर जायची वेळ झाली नव्हती. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत रोजच्यासारखा दारात उभा होता. "बाजारात चाललोय. काय आणू, कोंबडी की मटण?"

रोज ती म्हणायची, तुला आवडेल ते. रोज त्याला काय आवडेल ते सुचायचं नाही आणि तो कोंबडी आणायचा. लतीफाने खांद्यावरची पिशवी उतरवली. विचार करायला खरोखरच वेळ लागला.

"मासा," ती म्हणाली. "दुकानातूनच तळून आण. आज मी काही करणार नाही."

किल्ली फिरायची थांबली. "तुला मासा आवडतो?"

"लग्नाच्या आधीपासून."

कासिमने चपला काढल्या आणि परत आत आला. "अजून काय काय आवडतं तुला?" त्याने विचारलं, जरा भीतभीतच.

लतीफाने यल्दाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस," ती म्हणाली.