माहेरचं जुनं नाव

ऐतिहासिक कादंबरीत बनावट नाव चालत नाही, हे माझं ठाम मत! कुठल्याही शब्दामागे 'पूर' चिकटवून शहरं वसवणारे लेखक वेगळे. आम्ही संशोधन करतो!

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी सुरतेत, बँकेत. तापीकाठच्या एका प्राचीन नगरीवर कादंबरी लिहायला घेतली आणि नगरीच्या नावापाशीच अडलो. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सरलाबाई आठवल्या. खानदेशच्या, सत्तरी ओलांडलेल्या, दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेल्या.

"मावशी, तुमच्या माहेरचं जुनं नाव काय हो?"

त्यांचा हात थांबला.

"कौतिक," त्या हळूच म्हणाल्या. "आते ते नाव लेनारं कोनी नही ऱ्हायनं, भाऊ."

कौतिक! आणि नाव घेणारं कोणी उरलं नाही, म्हणजे गाव पार उजाड झालेलं! मी जिना चढलो नाही, उडालो!

"अहो, गावाचं नाव असं कुठे असतं का?" आमची बायको अपर्णा म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय!"

मी कौतिका नगरी वसवली. तिला वेशी दिल्या, बाजार दिला, हत्तीसुद्धा दिले. आणि सहाव्या प्रकरणात शत्रूच्या हातून जाळून टाकली!

दिवाळीतल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाचन ठेवलं. "कौतिका पेटली! तिची राख तापीत वाहून गेली! तिचं नाव घेणारं कुणी मागे उरलं नाही!" मी गरजलो. समोर सरलाबाई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडत होत्या. मी अपर्णाकडे ऐटीत पाहिलं. बघ म्हटलं, लेखणीची ताकद!

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. गोष्टच आहे ती."

"भाऊ, कौतिक तं मीच शे!" त्या म्हणाल्या. "मनी मायनी ठेयेल नाव. लगीनमा सासरनासनी बदली टाकं. तुम्ही इचारं, माले इतलं बरं वाटनं... नी तुम्ही जाळी टाकी!"

कुणीही हसलं नाही. मला तर सगळ्यांसमोर रडू फुटलं. आईनं ठेवलेलं, सासरी पुसलेलं नाव लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं, आणि त्या गाढवाला गाव हवं होतं!

सहावं प्रकरण त्याच दुपारी फाडलं. शत्रूचं सैन्य दिवाळीपासून वेशीबाहेर ताटकळतंय. जिन्यात भेटल्या की सरलाबाई हसून विचारतात, "कौतिक कशी शे, भाऊ?"

"मजेत, मावशी!" म्हणतो आणि सटकतो.

अपर्णा विचारते, कादंबरी संपणार कधी? अहो, मावशी आहेत तोवर मी काय ती संपवतोय!