फुटपाथवरची हिरवी खुर्ची

गजेंद्रनं तेल्हाऱ्याहून निघतानाच जाहीर करून टाकलं होतं, की मेलबर्नला शिकायला गेल्यावर खोलीच्या सामानापायी तो खिशात हातसुद्धा घालणार नाही! तिकडे लोक सोफे, टेबलं, कपाटं सरळ फुटपाथवर ठेवून देतात, ज्याला पाहिजे त्यानं उचलावं, असं त्याला एका सीनियरनं सांगितलं होतं. निरोप द्यायला आलेल्यांना त्यानं हे इतक्या खात्रीनं ऐकवलं, की मामा म्हणाला, "मंग मायासाठी बी एखादा डबल बेड पाठव बावा!"

पण आल्यापासून फुटपाथवर झाडांच्या पाल्याशिवाय काही पडलेलं दिसेना. खोलीत सोबतीला केयूर होता. अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, गेल्या वर्षी आलेला. त्याची एक गादी, आणि बाकी चार भिंती! गजेंद्र बॅगेवर बसून जेवायचा, बॅगेवर बसून वाचायचा, आणि आईचा फोन आला की बॅगेवर बसूनच "मस्त चालू हाय" म्हणायचा. मधेच घरची आठवण यायची. ती वरणासोबत गिळून टाकायचा.

शनिवारी दुपारी मात्र नशीब उघडलं! शेजारच्या गल्लीत, एका घरापुढे, चक्क फुटपाथवर, हिरव्या मखमलीची खुर्ची! उंच पाठ, कोरीव हात, पाय वाघाच्या पंजासारखे. कलेक्टरसाहेबांनी पाहिली असती तर आपली सोडून हिच्यावर येऊन बसले असते! बाजूला एक उभा दिवाही होता. गजेंद्रनं इकडंतिकडं पाहिलं. दोनदा "हॅलो" म्हटलं. कोणी ओ देईना. दिवा त्यानं राहू दिला. माणसानं हावरट असू नये! खुर्ची मात्र तुरीच्या पोत्यासारखी डोक्यावर घेतली आणि निघाला. सिग्नलपाशी मान अवघडली, तेव्हा रस्त्याच्या कडेलाच ती मांडून वर बसला. जाणारा एक म्हातारा हसून "गुड डे" म्हणाला. आल्यापासून त्याच्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस!

"अबे, कोणत्या राजाले उठवून आणली?" केयूर दारातच किंचाळला.

लगेच घरी व्हिडिओ कॉल लागला. आई, लीलाबाई, म्हणाल्या, "आधी तिले कुंकू लाव. कोन कोन बसलं असन तिच्यावर, काय माईत!"

कुंकवाची पुडी त्यांनीच बॅगेत घातली होती. गजेंद्रनं बोट ओलं करून खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत टिळा लावला. मग वडील, रामराव, पुढं सरसावले. "आता बैस. पाठ टेकव. हात दोन्हीकडं ठेव. हासू नोको, साहेब लोक हासत नाईत!"

फोटो निघाला. रामरावांनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून पुढं खुर्चीला पाय फुटले! अकोल्याच्या मावशीनं विचारलं, "कोनत्या हापिसात लागला?" चांदूर रेल्वेच्या आत्याला तो प्रोफेसर वाटला. संध्याकाळपर्यंत गजेंद्र एका मोठ्या कंपनीचा मॅनेजर झालेला होता.

रविवारी रामरावांचा फोन आला. "गजू, खुशालराव पाव्हणे पोरीचं स्थळ घेऊन येऊन राह्यले. आजच!"

"बाबा! माया अजून एक वर्ग बी नाई झाला!"

"मले माईत हाय ना! पण लोकायले काय सांगू? खुर्ची त पायली न त्यायनं!"

डोकं थंड करायला गजेंद्र दूध आणायला बाहेर पडला, आणि कोपऱ्यावरच्या खांबापाशी त्याचं अंगच थंड पडलं. खांबावर त्या खुर्चीचा फोटो! खाली लिहिलेलं: 'ही माझ्या दिवंगत पतीची खुर्ची. घर बदलताना ट्रकच्या दुसऱ्या फेरीसाठी बाहेर ठेवली होती. कृपया परत करा. डोरोथी.'

तो धावतच खोलीवर आला. "केयूर, माया व्हिसा गेला बे!"

"आधी ते कुंकू पूस!"

दोघांनी साबण लावून घासलं. टिळा होता, तो थाळीएवढा झाला! आता मात्र केयूरमधला वकील जागा झाला. "काही कबूल करू नको. सापडली म्हण. आय फाउंड इट. बस!"

केयूरनं खुर्ची पुढून धरली, गजेंद्रनं मागून. गल्लीभर तो "आय फाउंड, आय फाउंड" घोकत होता. दार एका वाकलेल्या, पांढऱ्या केसांच्या आजीनं उघडलं. तिनं खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि तिचे डोळे भरून आले. झालं! गजेंद्रचं सगळं पाठांतर उडालं.

"मॅडम, नो फाउंड! आय टूक! आय थॉट थ्रोन! सॉरी!"

केयूरनं कपाळावर हात मारला.

डोरोथीनं डोळे पुसले. मग हसलीच! "तरीच! चोरानं दिवा का सोडला, हे मला काही केल्या कळत नव्हतं." तेवढ्यात तिला लाल डाग दिसला. "हे काय? रक्त?"

"नो, नो! ब्लेसिंग! माय मदर!" घरात नवी वस्तू आली की आमची आई तिची पूजा करते, हे गजेंद्रनं हातवारे करून समजावलं. डोरोथीनं डागावरून हळूच बोटं फिरवली. "फ्रँक आयुष्यभर हिच्यावर बसला. आमच्यापैकी कोणी पूजा नाही केली बिचाऱ्याची!"

तिचा नवा फ्लॅट दोन गल्ल्या पलीकडे होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही! ट्रक केव्हाच गेलेला. म्हणजे खुर्ची यांनीच चढवली, आणि काल सोडलेला दिवाही. वर तिनं चहा केला, स्वतः खुर्चीत टेकली, आणि गजेंद्रला विचारलं, "तुझी आई जेवायला काय करते रे?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. ज्वारीची भाकर इंग्रजीत सांगता सांगता तो हवेतच भाकर थापू लागला. डोरोथीनं बिस्किटांचा डबा त्याच्यापुढं सरकवला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर इस्त्रीच्या शर्टातले रामराव, शेजारी पोह्यांची बशी घेतलेले खुशालराव.

"गजू, पाव्हणे आले! त्यायले जरा खुर्ची दाखव!"

गजेंद्रनं सवयीनं फोन फिरवला. हिरव्या खुर्चीत बसलेल्या डोरोथीनं कप उंचावून प्रेमानं हात हलवला. "हॅलो, फॅमिली!"

तेल्हाऱ्यात लीलाबाई घाईघाईनं पडद्यापुढं आल्या.

"गजू," लीलाबाईंनी कसंबसं विचारलं, "हे कोन होय रे?"

"आई, खुर्ची हिचीच हाय!"

खुशालरावांनी बशी खाली ठेवली, चष्मा चढवला, पडद्यात डोकं घालून नीट पाहिलं, आणि रामरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सून आधीच आनली त सांगाचं होतं ना जी! वयानं जराशी मोठी वाटते. पन सोभावानं चांगली दिसून राह्यली!"