पातळ अतोले

डाव पातेल्यात उभा राहत नव्हता. चोलेबाईंनी पुन्हा रोवला, पुन्हा तो कलंडला, आणि त्यांचं डोकं फिरलं. मक्याचं पीठ घालून तासभर उकळलेलं अतोले दुधासारखं वाहत होतं. नातवाचा बाप्तिस्मा उरकून मंडळी आत्ता येतील, आणि त्यांत विहीणबाई हासिंता!

त्यांनी आणखी पीठ कालवून ओतलं. अतोले दाटलं, त्यांनी घाम पुसला, तोवर पुन्हा पाणी. आणखी पीठ. पातेलं भरलं, मोठं काढलं, तेही भरलं. मग शाल खोचून त्या गिरणीवर गेल्या.

"एलेउतेरिओ, बाहेर ये! मका म्हणून काय भुसा दळतोस?"

"तोंड सांभाळा चोलेबाई. सगळं गाव हेच खातं."

"मग सगळं गाव लुबाडलंस!"

गिरणीवाला भडकला. ताजं पीठ खांद्यावर टाकून तो चुलीपाशी आला आणि स्वतः ढवळू लागला. अतोले दाटलं. तो मिशीत हसला. थोड्या वेळानं पीठही विरघळलं आणि हसूही. "पातेल्यालाच कुणाची तरी दृष्ट लागलीय," म्हणत तो तरातरा निघून गेला.

तेवढ्यात सून एलोदिया बाळाला घेऊन आत आली. "सासूबाई, चुलीजवळचा माझा थर्मास कुठंय?"

"ते ऊन पाणी? अतोले गिच्च झालं होतं, त्यात ओतलं."

"ओतलं?" एलोदिया किंचाळली, बाळ दचकून रडू लागलं. "डोंगरावरच्या उकळत्या झऱ्यातले जंतू होते ते! पावसाळाभर जपलेत मी!"

"जंतू? माझ्या अतोल्यात?"

"बाधत नाहीत कुणाला."

"आणि उकळलंय की मी! मेले असतील."

"मेले तरी त्यांचा रस उकळीतही पिठाची साखर करतो, हेच तर मी सरांना..." ती थांबली. बोट बुडवून तिनं चाखलं. "साखर किती घातलीत?"

"कुठली साखर! भांडायलाच वेळ पुरला नाही."

अतोले गोड होतं. प्रयोगशाळेतले सर म्हणाले होते, तुझे जंतू आळशी आहेत, सोमवारी पुरावा आण, नाहीतर काम बंद. एलोदियानं पातेल्याला हात घातला.

"खबरदार! पाहुणे दारात आलेत."

"मग मला थोडं तरी ठेवा!" एलोदिया रागारागानं बाटली शोधायला गेली. येईपर्यंत पातेलं खरवडून झालं होतं. शेवटचा पेला तिच्याच आईच्या, हासिंताच्या, हातात होता.

"विहीणबाई," हासिंता ओठ पुसत म्हणाली, "तुमचं अतोले दरवेळी चावून खावं लागायचं हो. आज पहिल्यांदा पिता आलं!"

सगळे हसले. चोलेबाईंचे कान तापले. त्यांनी पुढं होऊन विहिणीच्या हातातला अर्धा उरलेला पेला हिसकावला आणि सुनेच्या बाटलीत उपडा केला.

"हे माझ्या सुनेच्या कामाचं आहे. तुम्हाला भूक असेल तर पीठ आहे घरात, चावा!"