गुलाबी तोफेचे रणगाडे

२००१च्या पोळ्याला शहागडच्या काशिनाथ अप्पांनी आपल्या पीठगिरणीच्या ओट्यावर पाच रणगाडे ओळीने उभे केले आणि त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. रणगाडे प्लास्टिकचे होते, प्रत्येकी वीतभर. पाचांच्याही तोफेच्या नळ्या गुलाबी होत्या.

मी समोर राहत होतो. नळ्या गुलाबी का, असं विचारलं.

"बैलाच्या शिंगाचा रंग उरल्ता," अप्पा म्हणाले.

अप्पांचा एकुलता मुलगा दिलीप फौजेत रणगाडा चालवायचा. सुट्टीवर येताना तो दर वेळी खेळण्यातला रणगाडा जोडायच्या किटचा एक डबा आणी. आत जाळीला चिकटलेले बारीक बारीक तुकडे. अप्पा ते नेलकटरने सुटे करत आणि सायकल पंक्चरच्या सोल्युशनने जोडत. पहिल्या रणगाड्याचं एक चाक त्या सोल्युशनमध्ये विरघळलं. अप्पांनी तिथे खडा लावून तो उभा केला. जोडून झाल्यावर तुकडे उरत. ते मागच्या बाजूला दोऱ्याने बांधले जात. "स्टेपनी हाय."

दळण सुरू झालं की पीठ उडून रणगाडे पांढरे व्हायचे. कोणी हसलं तर अप्पा शांतपणे सांगत, "बर्फात ड्युटी लागली."

त्या पोळ्याला दिलीप घरी होता. नळ्या पाहून त्याने डोक्याला हात लावला. "अप्पा, दुरून दिसू नये म्हणून टँक मातीच्या रंगाचा करतेत. असा रंगवला तर दुश्मन पहिला गोळा याच्यावरच टाकीन."

अप्पांचं आयुष्य हायवेच्या कडेला गेलं होतं. "दिसला न्हाई तं समोरचा साईड कसा देईन?"

"तिथं साईड कोणी देत न्हाई, अप्पा."

अप्पा दळणाकडे वळले.

त्या हिवाळ्यात दिलीपची तुकडी सरहद्दीकडे हलली. नेमकं कुठे, हे घरी सांगायची परवानगी नव्हती. शेजारच्या एसटीडीवर येणारा त्याचा फोन बंद झाला. गिऱ्हाईक विचारी, "आल्ता का फोन?" अप्पा म्हणत, "लाईन बिझी असन."

एका सकाळी ते माझ्याकडून वाटीभर रॉकेल घेऊन गेले. चिंधी बुडवून त्यांनी पाचही नळ्यांचा गुलाबी रंग घासून काढला. मग गोदावरीचा गाळ सरसात कालवून रणगाड्यांना फासला आणि ते मातीच्या भिंतीला लावून ठेवले.

मुक्ताबाई दळण घेऊन आल्या. "अगं बाई, टँक कुठं गेले?"

"दिसनात का?"

"न्हाई."

"बराबर बघा."

"बिलकुल दिसनात, अप्पा."

अप्पांनी रांग मोडून त्यांचं दळण आधी घेतलं.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी दिलीप सुट्टीवर आला. काळा पडला होता, बाकी धडधाकट. अप्पा एवढंच म्हणाले, "जेवून घे जल्दी."

पोळ्याला रणगाडे पुन्हा ओट्यावर आले. एकाची नळी गुलाबी होती. चार मातीच्याच रंगाचे होते.

"रंग संपला का?" मी विचारलं.

"रंग लै हाय. त्याईचे डायव्हर अजून तिकडंच हायेत."

सुट्टी संपल्यावर दिलीप सकाळच्या बसने परत गेला. दुपारी मी दळण घेऊन गेलो, तेव्हा भिंतीजवळचे पाचही रणगाडे मातीच्या रंगाचे होते. एकाचा गाळ अजून ओला होता.